परतीची नळी

संयोगितानं बॉनेटखाली हात घालून परतीच्या नळीला बोटं लावली. टर्बोजवळ नळी चटका देत होती आणि वीतभर पुढं पार गार. इंजिन तापून धापा टाकत होतं, पण टर्बोतलं पाणी जागचं हलायला तयार नव्हतं. तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"चाललं का पाणी?" खुर्चीतून तिच्या वडलांनी, लालासाहेबांनी विचारलं.

"न्हाई, आबा."

लालासाहेबांच्या गॅरेजात पाणी चालायचं, फिरायचं नाही. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन त्यांनी उंब्रजला हायवेलगत ही शेड टाकली, त्या दिवसापासूनचा हा नियम. कुणाच्या घामाच्या कामावर 'पाणी फिरलं' म्हणायचं नाही. एका चांगल्या गिऱ्हाइकानं रेडिएटर दुरुस्त झाल्यावर खुशीत तसं म्हटलं, तर त्याला त्यांनी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

दारात विश्वजीत, संयोगिताचा थोरला भाऊ, फोन हातात धरून उभा होता. त्याला या शेडमध्ये टायरचं दुकान टाकायचं होतं आणि मधे ही एक गाडी आडवी आली होती. घाटातल्या शर्यतीसाठी बहिणीनं उभी केलेली जुनी मोटार. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पहिला टर्बो तिनं पाण्याविना, नुसत्या ऑइलवर चालवला. यवतेश्वराचा चढ गाडी मस्त चढली, पण वर जाऊन इंजिन बंद केलं आणि लालबुंद टर्बोतल्या ऑइलचा आतल्या आत कोळसा झाला. म्हणून आता पाण्याच्या नळ्या. हाही टर्बो गेला तर गाडी भंगारात आणि शेड टायरच्या दुकानाला, असा शब्द लालासाहेबांनीच लेकाला दिला होता. पोरीवर जीव होता, पण शब्द म्हणजे शब्द.

"संयू, भंगारवाला कराडात टेंपो घेऊन तयार बसलाय," विश्वजीत म्हणाला. "मी सांगून ठेवलंय, हिच्या मेहनतीवर पाणी फिरलं की फोन करतो, तसाच निघून ये."

"विश्वजीत!" लालासाहेब कडाडले. "ह्या छपराखाली त्यो शबुद न्हाई."

"आवं आबा, शब्दाचं काय घेऊन बसलाय? डोळ्यासमोर दिसतंय की."

संयोगितानं भावाकडं बघितलंच नाही. राग तर इतका आला होता की हातातला पाना फेकून मारावासा वाटला. तिनं तो फेकला नाही, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नळीकडं नव्यानं बघितलं. नळी तिनं मोठ्या हौसेनं बसवली होती. टर्बोतून निघून वर, मग एका पट्टीखालून खाली, मग पुन्हा वर पाण्याच्या टाकीला. दिसायला अशी देखणी की फोटो काढावा.

आणि तिथंच तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उसाच्या रानातल्या पाइपलाइनीला असाच एक उंचवटा होता. तिथं हवा धरली की नदीवर मोटर नुसती ओरडायची आणि सरीत थेंब पडायचा नाही. तो हवेचा कॉक सोडायला लहानपणी तिलाच पिटाळायचे. रानात शंभरदा केलेलं काम गाडीत विसरलं होतं, ते दिसण्याच्या नादात.

"हवा धरलीया," ती म्हणाली. "नळी वाकडी न्हाई जायला पायजे. मधला बाक कापून सरळ चढतीच पायजे, आन् टाकी सगळ्यात वर."

"आणि कापून तोकडी पडली तर?" विश्वजीतनं विचारलं. "दुसरी हाय का?"

"न्हाई."

इंजिन निवलं तसं तिनं पाणी काढलं आणि एका दमात नळी कापली. एका जुन्या अँगलचा तुकडा वाकवून टाकी पुढच्या काचेलगत, सगळ्यात उंच बसवली. सांध्यातल्या तांब्याच्या चकत्या गॅसवर लाल करून पाण्यात बुडवल्या, म्हणजे मऊ पडून घट्ट बसतात. ही आबांची लष्करातली शिकवण. आबा खुर्चीतून बघत होते. नळी जेमतेम टाकीपर्यंत पोचली. करंगळीएवढी जरी जास्त कापली असती तरी संपलं होतं.

तिनं पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. पांढऱ्या टाकीत बुडबुड्यांची रांग लागली, मग ती थांबली. गाडी शेडमध्येच गुरगुरत तापली. टर्बो लाल दिसायला लागल्यावर संयोगितानं चावी फिरवली आणि इंजिन गप्प केलं. खरी परीक्षा आता होती. पंप थांबलेला असताना टर्बोतली आग पाण्यानं आपल्या पायानं वर वाहून न्यायला हवी होती. हायवेवरून एक ट्रक गेला. विश्वजीतनं फोन खिशात घालायचा की लावायचा ते ठरवलं नव्हतं.

संयोगितानं टाकीजवळ, नळीच्या पार शेवटाला बोटं ठेवली. कोमट होती. मग गरम झाली. मग बोट ठेववेना.

सांगायचं तर ओठावर दोनच शब्द आले, आणि नेमके तेच या छपराखाली बोलायचे नव्हते.

"आबा, हात लावून बघा."

लालासाहेब गुडघ्यांवर हात टेकत उठले. टाकीत डोकावले. इंजिन बंद असूनही आत पाणी हळूहळू ढवळत होतं. त्यांनी नळीला हात लावला, झटकन मागं घेतला आणि बोटांवर फुंकर मारली. आनंद लपवायची त्यांना सवय होती, पण मिशीला नव्हती.

"विश्वजीत, लाव फोन त्या टेंपोवाल्याला."

"काय सांगू?"

"पाणी फिरलं म्हनावं," लालासाहेब म्हणाले. "येऊ नगंस."