मधली चिंधी

आता फक्त मधली जागा उरली होती. गोधडीला आम्ही सिद्दी बायका कवंदी म्हणतो आणि ती कडेकडून शिवत आत येतो. प्रदर्शनासाठीची ही कवंदी भिंतीएवढी होती. कडेला समुद्र, मग जहाजं, मग साखळीतली माणसं. मध्यावर खैरूननानीची निळी चिंधी लागायची होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं तेव्हा नानीच्या पणजीच्या कमरेला तेवढंच फडकं होतं, असं आम्ही सगळ्या ऐकत आलो होतो.

टाका घालताना मी चिंधीचा दुमडलेला काठ उलगडला. आत पुसट शिक्का होता.

“काय लिहिलंय?” नानीनं विचारलं.

“मुंबईच्या गिरणीचं नाव आहे, नानी.”

सगळ्यांच्या सुया थांबल्या. नानी शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली.

“लाव तेच,” ती शेवटी म्हणाली. “तिकडचं म्हणून दुसरं काय आहे आपल्याकडं?”

कोपऱ्यांना कापडी फुलं लावल्याशिवाय आम्ही कवंदी कुणाला देत नाही; फुलांविना तिला नागडी समजतात. फुलं नेहमी नानीच लावते. मी लाल कापड पुढं सरकवलं. तिनं ते परत ढकललं.

“नागडीच जाऊ दे तिला. पणजीच्या अंगावर तरी काय होतं?”