कधीच न हलणारी खूण

पवनचक्क्यांची दिशा जुळवणाऱ्या जावयाला साहेबांनी बजावलं, "चक्क्यांवरच्या कॅमेऱ्याला दिशा ओळखायला एक कधीच न हलणारी खूण दाखव. चुकलास तर नोकरी गेली!" जावयानं बेधडक गॅलरीतल्या खुर्चीला चिकटलेले सासरेबुवा दाखवले. त्यांच्यावरून दिशा ओळखून चाळीसच्या चाळीस चक्क्या वर्षभर भिंगरीसारख्या फिरल्या!

काल मात्र सासूबाई कडाडल्या, "अहो, जन्मात एकदा तरी आपल्या हातानं पाणी घ्या!" सासरे उठून स्वयंपाकघराकडे निघाले. चाळीस चक्क्यांनी त्यांच्यामागे माना वळवल्या, वारा हुकला आणि अख्ख्या शहराची वीज गेली.

जावई धापा टाकत घरी आला. "बाबा, पाया पडतो, बसा! माझी नोकरी जाईल!"



सासरे खुर्चीत टेकले आणि सासूबाईंना म्हणाले, "ऐकलंस? आण आता पाणी."