मन मोकळं

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. एक नवऱ्याचा, एक बायकोचा. तीन महिन्यांची सरासरी साखर. नवऱ्याची साडेआठवरून साडेसहावर उतरली होती. बायकोची पावणेसातवरून थेट दहावर गेली होती.

"शाब्बास, काका," म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्याची एक गोळी तिथल्या तिथे बंद केली. मग त्या काकूंकडे वळल्या. चेहऱ्यावरचं कौतुक मावळलं होतं.

काकूंचं शिवणकामाचं दुकान. तीस वर्षं झाली, इंचभर कापड वाया जाईल तर शपथ. त्यांनी सांगितलं, की दोघं एकाच पातेल्यातलं खातो, सकाळी बरोबर चालतो, गोळी चुकवत नाही. डॉक्टरीणबाईंना काही ते पटलं नाही. असंच चाललं तर इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल, त्या म्हणाल्या. सुईला काय घाबरायचं, तिच्यावरच तर घर चाललंय, काकू म्हणाल्या.

नवरा हसला. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "चोरून खात असेल हो. दिवसभर दुकानात असते, तिथे कोण बघतंय?"

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन महिने त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. लेकीपुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढेही नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून यानेच हात जोडले होते. त्यांनी शब्द पाळला, आणि हा बाबा इथे बसून त्यांनाच चोर ठरवत होता. आधीच्या सगळ्यापेक्षा हे जास्त जिव्हारी लागलं.

घरी काही ताण आहे का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. छे, सगळं व्यवस्थित आहे, नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं.

"माझ्या दुकानात एक बाई काज-बटण करते," काकू म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. "नऊ वर्षं ह्यांचं तिच्याशी होतं. तीन महिन्यांपूर्वी ह्यांनी मला स्वतःच सांगितलं. मन खातंय म्हणाले, झोप लागत नाही."

नवरा पंख्याच्या बटणाकडे बघू लागला. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"ती अजून रोज माझ्यासमोर बसते. काढून टाकलं तर लेक कारण विचारेल."

"अगं, इथे कशाला हे..." नवरा पुटपुटला.

काकू त्याच्याशी बोलतच नव्हत्या.

"सांगून झालं आणि ह्यांचं मन मोकळं झालं. त्या दिवसापासून शांत झोपतात. नऊ वर्षं ह्यांच्या अंगात होतं ते, डॉक्टर. आता माझ्या अंगात आहे."