डब्याचा तळ

नाताळ तोंडावर आला होता. कागदी चांदण्या, घंटा, गिफ्टचे डबे करता करता काकूंच्या बोटांवर डिंकाचे पापुद्रे धरले होते. तेवढ्यात समोरच्या हॉस्पिटलमधली सिस्टर दुकानात आली.

"काकू, परवाच्या डब्याचा तळ सुटला."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाईत तळाला एकच पट्टी मारली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकापुढे चूक कबूल करतील तर त्या काकू कसल्या!

"माझे डबे नाजूक वस्तूंसाठी असतात. तू काय गं, विटा भरल्या होत्यास?"

"नाही हो. जेमतेम पाऊण किलो."

"मग असं होतं तरी काय त्यात?"

सिस्टरने आवाज खाली आणला. "बाळ. दिवस भरायच्या आतच गेलेलं. आमच्याकडे असली बाळं औषधाच्या रिकाम्या खोक्यात कोंबून आईबापांच्या हाती देतात. मला बघवत नाही, म्हणून मी तुमचे डबे नेते. परवा आईच्या हाती देतानाच तळ सुटला. मी खालून हात धरला म्हणून..."

काकूंनी नवा डबा ओढला, तळाला जाड पुठ्ठा घातला, चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या. मग लाज वाटून झाकणावरची सोनेरी चांदणी नखाने खरवडू लागल्या.

"ती राहू द्या, काकू," सिस्टर म्हणाली. "झाकण उघडायचा धीर कुठल्याच आईला होत नाही. सगळ्या चांदणीवरूनच हात फिरवतात."