सात नंबर

"त्या सात नंबरला बाहेर काढा रे," मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी गॅलरी हसली.

सात नंबर म्हणजे घागकाकांचा मुलगा सुहास. जिल्हा कबड्डी लीगचा शेवटचा आठवडा होता आणि शहराचा संघ ओळीने आठ सामने हरला होता. आजचाही गेला, तर पुढच्या वर्षी खालच्या गटात. सुहास शाळेत असल्यापासून त्याच्या प्रत्येक चढाईला काका ओरडायचे, "दम धर, बाळा." आज मात्र ते गॅलरीत हातातली पाण्याची बाटली नुसती फिरवत बसले होते.

शेजारच्या अनोळखी तरुणाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "काका, तुम्ही एकटेच गप्प. तुमचा कोणी लागतो की काय तो?"

"छे हो," काका म्हणाले. आणि ते खरं वाटावं म्हणून सगळ्यांहून मोठ्याने ओरडले, "नाही जमत तर घरी बस की."

सुहास तेव्हा समोरच्या संघाच्या हद्दीत होता, तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालू. तो आवाज कानावर पडला आणि त्याची मान वळली. तोंडातलं कबड्डी थांबलं. त्याला कुणी हातही लावला नव्हता, पण दम तुटला की खेळाडू बाद. पंचांनी शिट्टी वाजवली.

बाद झाला की तो आधी गर्दीत वडिलांना शोधायचा. आज खाली मान घालून बाहेर जाऊन बसला.

तरुणाने काकांच्या पाठीवर थाप मारली. "बरोबर बोललात, काका. कुणीतरी ऐकवायलाच हवं होतं त्याला."