लिंबाचा झोका

लहानपणी पंचमीच्या झोक्यावरून पडून बानाबाईचा पाय मोडला, तो जन्माचा अधू झाला. झोका बांधला होता थोरल्या भावानं, मुंजाबानं. तेव्हापासून पंचमीला गल्लीत झोके चढले की बानाबाई दार लोटून घरात बसायची. नातवंडं झाली, तरी घरातल्या साध्या बंगईवर झुलायला तिचा जीव धजला नाही.

यंदा देवगाव रंगारीहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, ह्यांच्या मनातून तुमचं पडणं जाईना बगा. माझ्यामुळं पडली म्हणत्यात, अन् लेकरावानी रडत्यात."

दादाच्या डोळ्यांदेखत झोका घेतला, की त्याचा जीव मोकळा होईल, असं बानाबाईनं ठरवलं आणि संभाजीनगरहून एसटी धरली. पंचमीला भाच्याकडून दारच्या लिंबाला झोका बांधून घेतला. मुंजाबाला समोर बाजेवर बसवलं.

दोन्ही दोर घट्ट धरून ती फळीवर बसली.

"ऱ्हाऊ द्या वन्सं, लोक हसतील," वहिनी म्हणाली.

"हसू दे की! माझा दादा हसला म्हंजी झालं. तू दे झोका."

वहिनीनं झोका दिला. दोन हेलकाव्यांत वारं कानात शिरलं आणि इतक्या वर्षांची भीती पार उतरली. बानाबाई वरूनच ओरडली, "दादा, बघ रं! पडले का मी?"

मुंजाबा काठी टेकत धडपडत उठला. दोन्ही हात जोडून रडवेल्या आवाजात म्हणाला,



"आजी, पाया पडतो, उतरा खाली. त्या झोक्यावरून आत्ताच माझी बाना पडली."