तळ्याची धूळ

गल्लीतल्या सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तेव्हा चित्रकार मुलीने आईच्या घरातल्या बाहेरच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या.

खोलीतलं सामान तिने सकाळीच पलीकडच्या भिंतीला सारून ठेवलं होतं. मोकळ्या फरशीवर काळ्या रंगाचा कॅनव्हास अंथरला होता, जवळजवळ खोलीभर, आणि त्यावर डिंकाचा जाड हात फिरवला होता. बाकीचं काम वाऱ्याचं. उन्हाळे लांबत गेले तसं समोरचं तळं आटत गेलं, आणि आता वारा सुटला की त्याच्या तळाची पांढरी खारट धूळ उठून घराघरांत शिरते. लोक तिला शिव्या घालतात. मुलगी तिची चित्रं करते.

शहरातल्या प्रदर्शनात माणसं या चित्रांपुढे आवाज खाली आणून उभी राहतात. तापत चाललेल्या पृथ्वीचं दुःख तुम्ही कसं पकडलंत, असं विचारतात. मी काहीच करत नाही, तळंच करतं, असं ती सांगते. लोकांना हे उत्तर फार आवडतं. आईच्या खिडक्यांचा विषय त्यात निघत नाही.

आई स्वयंपाकघरात होती, दार लावून, दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबून. तिला दमा आहे. मुलीने तिच्यासाठी मास्क आणला होता, चांगल्यातला, पण तो लावला की तिचा जीव आणखीच गुदमरतो. तसं ती एकदा म्हणाली, आणि मुलीचा उतरलेला चेहरा बघून पुन्हा म्हणाली नाही. पोरीचं नाव होतंय म्हटल्यावर आपलं एवढंसं काय घेऊन बसायचं, असा तिचा हिशेब.

वारा आला. तळ्याकडचं सगळं दिसेनासं झालं. पिठाच्या गिरणीत बसावा तसा कॅनव्हासवर पांढरा थर बसायला लागला. मुलगी खिडकीच्या कडेला मास्क लावून उभी होती आणि मनातून खूश होती. इतका दाट वारा या वर्षात पहिल्यांदाच मिळाला होता.

दाराआडून आईने हाक मारली. तिचा दम्याचा पंप टेबलावर राहिला होता. सामान सारताना टेबल पलीकडे गेलं आणि टेबलाबरोबर पंपही गेला. हे मुलीच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ती आणि टेबल यांच्यामध्ये अख्खं चित्र पसरलं होतं.

"थोडा वेळ काढ, आई," ती म्हणाली. "आत्ताच तर थर धरायला लागलाय."

आई बरं म्हणाली. मग नुसताच खोकला ऐकू येत राहिला. मग खोकलाही थांबला आणि शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. आणि मग दार उघडलं.

आई कडेकडेने निघाली. कॅनव्हास आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फरशी उरली होती, तेवढ्यातून, भिंतीला पाठ घासत, चित्राला पाय लागू नये म्हणून चवड्यांवर. मुलगी तिच्या पावलांकडे बघत होती. चेहऱ्याकडे बघितलं असतं तर तिला ओठांचा रंग दिसला असता. आई टेबलापर्यंत पोचली, तिने पंप हातात घेतला, आणि तेवढ्यात जोराची उबळ येऊन ती आडवी झाली ती थेट कॅनव्हासवर.

मुलीच्या तोंडून शिवी निघाली. मग तिने लागलं का म्हणून विचारलं. आईने मानेनेच नाही म्हटलं, पडल्यापडल्याच पंप तोंडात धरून दाबला, पुन्हा दाबला. छातीतली शिट्टी जरा उतरली तशी ती हात टेकून उठायला लागली.

"उठू नकोस," मुलगी म्हणाली.

आवाज इतका हळुवार होता की आईला तो काळजीचा वाटला. कुठे मुका मार लागला असेल, हाडबीड मोडलं असेल, म्हणून पोरगी उठू देत नाही, असं समजून ती निमूट पडून राहिली. बरंही वाटलं तिला.

"उजवा हात थोडा बाहेर काढ," मुलगी म्हणाली. "हां. आता तशीच राहा."

तेव्हा आईला समजलं. तिने पाय पोटाशी घेतले, डोळे मिटले आणि ओठ घट्ट दाबून धरले, कारण धूळ आता तिच्यावरही बसत होती. खिडकी मुलीच्या हाताशी होती. ती तिने लावली नाही.

वारा पडल्यावर तिने आईला उचललं, खूप जपून, कडा फिसकटू न देता. अंगाखाली आधी बसलेला थर आईच्या कपड्यांना चिकटून निघाला आणि खालचा काळा रंग उघडा पडला. आईचे केस डिंकात रुतले होते. ते ओढले असते तर थर निघाला असता, म्हणून मुलीने कात्री आणली आणि केस कापून तिथेच राहू दिले.

मग दोघी बघत उभ्या राहिल्या. सगळीकडे पांढरं, आणि त्यात कुशीवर पडलेली एक काळी बाई. चित्र चांगलं झालं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलीचे डोळे भरून आले. आईच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि एका बाजूचे केस कानापर्यंत गेले होते. खुर्चीच्या पाठीला धरून तीही बराच वेळ बघत होती. बोटांपाशी एका जागी कड पुसट झाली होती.

"इथे हात हलला गं माझा," ती अपराधी आवाजात म्हणाली. "श्वासच पुरेना, त्याला काय करू?"

मुलीने वाकून ती जागा नीट पाहिली.

"असू दे," ती म्हणाली. "उद्याही वारा आहे."